खर्चाचा हिशोब छापलेली रेकॉर्ड: स्क्रिटी पोलिटी हा बँड पॉपकडे का वळला

लंडनमध्ये १९७८ साली एक सात इंची रेकॉर्ड निघाली. प्रती २,५००. कव्हर म्हणजे झेरॉक्स काढून घडी घातलेला कागद, आणि त्या कागदावर चक्क हिशोब. केंब्रिजच्या एका स्टुडिओत १४ तास रेकॉर्डिंग, ९८ पौंड. मास्टरिंग, ४० पौंड. साच्याचं इलेक्ट्रोप्लेटिंग, २७ पौंड. २,५०० प्रती दाबून घेणं, ३६९ पौंड ३६ पेन्स. कोऱ्या पांढऱ्या लेबलवर मारायचा रबरी शिक्का, ८ पौंड. हे सगळं जिथं करून मिळालं त्या जागांचे पत्तेही शेजारीच दिलेले. वाण्याची यादी वाटावी असा मजकूर, पण मला विचाराल तर त्या काळातल्या इंग्लंडच्या संगीतातला तो फार मोलाचा कागद आहे.

बँडचं नाव स्क्रिटी पोलिटी आणि गाण्याचं नाव ‘स्कँक ब्लॉक बोलोन्या’.

सहा वर्षांनी, १९८४ मध्ये, याच बँडच्या नावानं निघालेलं एक गाणं ब्रिटनच्या विक्रीच्या यादीत दहाव्या क्रमांकावर पोचलं. त्याचा निर्माता होता आरिफ मार्दिन, अरेथा फ्रँकलिन या अमेरिकन गायिकेच्या रेकॉर्डांवर काम केलेला न्यूयॉर्कचा बुजुर्ग माणूस. एकही खडा लागणार नाही असं घासूनपुसून लख्ख केलेलं, पाय थिरकवणारं पॉप. दोन्ही रेकॉर्डी लागोपाठ ऐकल्या तर गळा सोडून एकही खूण जुळत नाही.

मी या बँडपर्यंत उलट्या बाजूनं पोचलो. माइल्स डेव्हिसची १९८६ची ‘टूटू’ ऐकताना त्यातल्या ‘परफेक्ट वे’ या चिजेच्या श्रेयात ग्रीन गार्टसाइड आणि डेव्हिड गॅमसन ही दोन अनोळखी नावं दिसली. जॅझचा एवढा मोठा माणूस कुणाचं गाणं वाजवतोय म्हणून शोधत मागे गेलो, तर हा कागद हाती लागला. तेव्हापासून हे कोडं माझ्या डोक्यातून गेलेलं नाही. ग्रीन, म्हणजे स्क्रिटी पोलिटीचा गायक, पॉपकडे वळला तेव्हा त्याच्या जुन्या चाहत्यांपैकी अनेकांनी त्याला गद्दार ठरवलं. मला ते कधीच पटलं नाही. पण ते का पटत नाही हे सांगायचं तर थोडं राजकारण, थोडं तत्त्वज्ञान आणि रेकॉर्ड कशी बनते याची थोडी माहिती लागते.

ग्रीनचा जन्म १९५५चा, वेल्समधल्या कार्डिफचा. ‘ग्रीन’ हे त्यानं स्वतः घेतलेलं नाव. शाळेत असतानाच त्यानं आणि त्याचा दोस्त निआल जिंक्स यानं तरुण कम्युनिस्टांच्या संघटनेची शाखा काढली होती. पुढे ग्रीन चित्रकला शिकायला लीड्स पॉलिटेक्निकमध्ये गेला आणि तिथं कुंचल्यापेक्षा लेखणीत जास्त रमला. कला म्हणजे काय, ती कुणासाठी, ती कोण ठरवतं, असल्या प्रश्नांवर तो कागद भरत बसायचा.

अशात ६ डिसेंबर १९७६ उजाडला. सेक्स पिस्टल्स, द क्लॅश, द डॅम्ड आणि न्यूयॉर्कचे हार्टब्रेकर्स असा पंक बँडांचा, म्हणजे मोजक्या सुरांत चिडून रॉक वाजवणाऱ्यांचा, ताफा देशभर दौऱ्यावर निघाला होता. पिस्टल्सच्या टीव्हीवरच्या शिवीगाळीवरून पाच दिवसांपूर्वीच गदारोळ उठलेला, त्यामुळे गावोगावच्या नगरपालिका आणि हॉलवाले कार्यक्रम रद्द करत सुटले होते. जे मोजके कार्यक्रम झाले त्यातला एक लीड्स पॉलिटेक्निकच्या हॉलमध्ये झाला. ग्रीन तिथं होता. टॉम मोर्ली हा दुसरा विद्यार्थी, निआल जिंक्स आणि ग्रीन अशा तिघांनी मग बँड काढला. ग्रीन गिटार आणि गळा, निआल बास, टॉम ड्रम. शिकता शिकता वाजवायचं, एवढंच भांडवल. लवकरच मंडळी लंडनला आली आणि कॅम्डेनमधल्या कॅरल स्ट्रीटवरच्या एका रिकाम्या घरात शिरून राहू लागली.

या राहण्याला तिकडे ‘स्क्वॉटिंग’ म्हणतात. लंडनमध्ये तेव्हा पडून राहिलेली घरं पुष्कळ होती आणि अशा घरात शिरून राहणं हा तेव्हा सरसकट फौजदारी गुन्हा नव्हता. बाहेर काढायचं तर मालकाला बहुधा दिवाणी कोर्टाची पायरी चढावी लागे. भाडं नाही म्हटल्यावर सरकारी भत्त्यावर कसंबसं भागायचं आणि दिवस मोकळा मिळायचा. त्या काळचं इंग्लंडमधलं कितीतरी संगीत या फुकटच्या छपरांखाली जन्मलं, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. प्रतिभेच्या गोष्टी सांगताना घरभाड्याचा विषय आपण हमखास विसरतो.

कॅरल स्ट्रीटच्या घरात वाजवणारे तीन असले तरी बँड तेवढाच नव्हता. वाचणारे, वाद घालणारे, व्यवस्था पाहणारे, नुसते येऊन बसणारे असे वीसेक जण त्या गोतावळ्यात होते आणि सगळे स्वतःला स्क्रिटी पोलिटीच समजत. बैठका व्हायच्या. कुठं वाजवायचं, का वाजवायचं, कुणाला मुलाखत द्यायची, यावर रात्र रात्र खल चालायचा.

त्या खलाच्या केंद्रस्थानी होता अन्तोनिओ ग्राम्शी. बँडचं नावही त्याच्याच लेखनावरून आलेलं. राजकीय लेखनाला इटालियनमध्ये ‘स्क्रित्ती पोलितिची’ म्हणतात. ते मोडूनमुरडून ग्रीननं ‘टूटी फ्रूटी’ या रॉक अँड रोल गाण्याच्या चालीवर म्हणता येईल असं केलं. नावातच पुढची सगळी गोष्ट आहे. एका कानाला ग्राम्शी, दुसऱ्या कानाला रॉक अँड रोल.

ग्राम्शी हा इटलीतला कम्युनिस्ट नेता. मुसोलिनीच्या राजवटीनं १९२६ मध्ये त्याला पकडलं आणि नंतरची जवळपास सगळी वर्षं त्याची कैदेत गेली. १९३७ साली तो वारला. तुरुंगात त्यानं वह्याच्या वह्या लिहून काढल्या. त्याला छळणारा प्रश्न साधा होता. जे नाडले जातात ते बहुसंख्य असूनही उठाव का करत नाहीत? पोलीस आणि लष्कर हे अर्धंच उत्तर. उरलेलं अर्धं उत्तर म्हणजे वर्चस्व, ज्याला इंग्रजी वाचणारे ‘हेजेमनी’ म्हणून ओळखतात.

घरातलंच उदाहरण घ्या. मुलगा रात्री अकराला आला तर त्याचं ताट वाढलं जातं, मुलगी अकराला आली तर तिला दारातच प्रश्न विचारले जातात. याचा कुठं कायदा नाही. आईला विचारलं तर ती म्हणेल, ‘अगं, असंच असतं.’ ग्राम्शीचं बोट नेमकं या ‘असंच असतं’वर आहे. राज्य करणाऱ्यांना दर वेळी काठी उगारावी लागत नाही, कारण त्यांच्या सोयीची व्यवस्था आपल्याला शहाणपणाची वाटू लागलेली असते. ती म्हणींत असते, लग्नाच्या याद्यांत असते, शाळेच्या धड्यांत असते. आणि गाण्यांत असते.

हा शेवटचा भाग स्क्रिटी पोलिटीनं मनावर घेतला. गाण्यातलं ‘असंच असतं’ म्हणजे काय? कडवं झालं की ध्रुवपद येणार. आवाज पुढे, वाद्यं मागे. ठेका पक्का, चुका पुसलेल्या. आणि रेकॉर्ड काढणार बड्या कंपन्या, आपण फक्त पैसे देऊन ऐकणार. हे सगळं नैसर्गिक नाही, कुणीतरी ठरवलेलं आहे, हे दाखवायचं तर गाणं तसं बनवायलाच नको. म्हणून त्यांच्या सुरुवातीच्या गाण्यांना ठेच लागते. ठेका धरता धरता सुटतो, गिटार चाल सोडून भलतीकडे निघून जाते, गाणं कुठंतरी थांबतं आणि दुसरीकडून उठतं. एका गाण्याचं नावच ‘हेजेमनी’. दुसऱ्याचं ‘मेसथेटिक्स’, म्हणजे पसारा आणि सौंदर्यशास्त्र या दोन्हींसाठीचे इंग्रजी शब्द एकमेकांत घुसवून केलेला शब्द. पसाऱ्याचं सौंदर्य म्हणा हवं तर.

पंकनंतर दोन-तीन वर्षांत इंग्लंडमध्ये असे बरेच गट उभे राहिले. त्या सगळ्यांना मिळून ‘पोस्ट-पंक’ हे नाव आहे. पंकनं तीन कॉर्डमध्ये दार लाथाडून उघडलं. आता आत येऊन काय करायचं, हा प्रश्न पडलेले ते पोस्ट-पंकवाले. कुणी फंककडे गेलं, कुणी जमैकाच्या डबकडे, म्हणजे बास पुढे आणून मोकळ्या केलेल्या रेगेकडे, कुणी नुसत्या गोंगाटाकडे. लीड्सचेच गँग ऑफ फोर हे त्यातलं जास्त माहीत असलेलं नाव.

‘स्कँक ब्लॉक बोलोन्या’ या तीन शब्दांची फोड करून पाहिली तर त्या घरातल्या भिंतीवर काय काय चिकटवलेलं असेल याचा अंदाज येतो. स्कँक म्हणजे रेगेतला गिटारचा तो खास झटका. ‘एक आणि दोन आणि’ असं मोजत गेलं तर आघात आकड्यांवर येत नाही, मधल्या ‘आणि’वर येतो. ब्लॉक हा ग्राम्शीचा. वेगवेगळ्या वर्गांनी एकत्र येऊन बांधलेल्या आघाडीला त्यानं वापरलेली संज्ञा. आणि बोलोन्या हे इटलीतलं शहर. मार्च १९७७ मध्ये तिथं फ्रान्चेस्को लोरुस्सो हा विद्यार्थी पोलिसांच्या गोळीनं मेला, विद्यापीठाच्या भागात चिलखती गाड्या आल्या, तरुणांचं ‘रादिओ आलिचे’ हे केंद्र पोलिसांनी बंद पाडलं. विशेष हे की बोलोन्याची महापालिका कम्युनिस्टांच्याच हातात होती. कॅम्डेनच्या पोरांना ही बातमी का झोंबली असेल ते कळतं. आपल्याच पक्षाच्या गावात आपल्याच वयाच्या पोरांवर गाड्या आल्या होत्या.

गाणं मात्र घोषणा देत नाही. साधारण सहा मिनिटं ते लंगडत, रेंगाळत चालतं. निआलचा बास जाड आणि खाली, डबमधल्यासारखा. गिटारची तार मधेच करकरते, पिकलेल्या लाकडावर नखं ओढावीत तशी. आणि या सगळ्यावर ग्रीनचा आवाज, जो ऐकून पहिल्यांदा मी थबकलो, कारण तो कमालीचा गोड आहे. कोवळा, थोडा उदास, इंग्लंडच्या जुन्या लोकगीतांच्या जवळचा. लोकगीतगायक मार्टिन कार्थी ग्रीनला लहानपणापासून प्रिय होता आणि ते कुठं लपत नाही. पुढच्या पॉपचं बी या पहिल्याच रेकॉर्डमध्ये दिसतं, ते या गळ्यात. एवढ्या खडबडीत जमिनीत ते पेरलेलं होतं म्हणून कुणाला दिसलं नाही, इतकंच.

आता त्या हिशोबाकडे परत येतो. रेकॉर्ड बनवणं म्हणजे तेव्हा लोकांना जादू वाटायची. खरं तर ते कारखान्यातलं काम. स्टुडिओतली टेप आधी मास्टरिंगला जाते; तिथं लाखेसारख्या लेपाच्या चकतीवर एक सुई आवाजाबरोबर थरथरत खोबण कोरत जाते. त्या चकतीवर चांदीचा पातळ थर, मग विजेच्या मदतीनं निकेलचा जाड थर चढवतात. तो निकेल सोलून काढला की खोबणीच्या जागी उंचवटे असलेला साचा मिळतो. गरम प्लॅस्टिकचा गोळा दोन साच्यांमध्ये दाबायचा, की झाली रेकॉर्ड. यातला प्रत्येक टप्पा पैसे मोजून कुणालाही करून घेता येतो. कव्हरवरच्या आकड्यांची बेरीज केली तर ५४२ पौंड ३६ पेन्स होते. २,५००नं भागा: प्रतीमागे २२ पेन्सच्या आत. स्टुडिओचा दर तासाला ७ पौंड.

ही कल्पना त्यांच्या एकट्याची नव्हती. मँचेस्टरच्या बझकॉक्सनी १९७७च्या जानेवारीत उसने ५०० पौंड घेऊन स्वतःची रेकॉर्ड काढली होती. लंडनच्या डेस्परेट बायसिकल्सनी त्याच वर्षी पहिली रेकॉर्ड १५३ पौंडांत काढली आणि पुढच्या रेकॉर्डमध्ये तर गाऊनच सांगितलं की हे सोपं होतं, स्वस्त होतं, तुम्हीही करा. स्क्रिटी पोलिटीनं त्यापुढचं पाऊल टाकलं. ‘करा’ म्हणून थांबले नाहीत; कुठं जायचं, किती पडतील, तेही छापून दिलं. रेकॉर्ड कशी काढावी याची माहितीपुस्तिकाही त्यांनी लोकांना वाटली. स्वतःचा पहिला माल विकायला काढताना त्याच मालावर तो बनवायची कृती छापणारा माणूस धंद्याच्या हिशोबानं वेडा ठरेल. पण ‘असंच असतं’ मोडायचं असेल तर याहून नेमका मार्ग मला सुचत नाही.

आपल्या या घरगुती कंपनीला त्यांनी नाव दिलं सेंट पॅन्क्रास रेकॉर्ड्स. बीबीसी रेडिओ वनवर रात्री जॉन पील नावाचा निवेदक असली अनवट गाणी लावायचा, त्यानं ही रेकॉर्ड वाजवली आणि बँडला सेशनसाठीही बोलावलं. सेशनची भानगड अशी: संगीतकारांच्या युनियनशी झालेल्या करारामुळे बीबीसीला दिवसात ठरावीक तासच रेकॉर्डी वाजवता यायच्या, उरलेला वेळ नव्यानं वाजवून घेतलेल्या संगीतानं भरावा लागायचा. युनियनच्या त्या अटीमुळे शेकडो नवख्या बँडना बीबीसीचे उत्तम स्टुडिओ फुकट मिळाले. दुसरं पील सेशन १९७९ मध्ये रेकॉर्ड म्हणूनच बाजारात आलं. त्याच वर्षी ‘फोर ए साइड्स’ ही चार गाण्यांची रेकॉर्डही निघाली. चारही गाणी ‘ए’ बाजूची, दुय्यम कुणी नाही, असं ते नाव.

आता त्यांच्या पाठीशी रफ ट्रेड होतं. जेफ ट्रॅव्हिस यानं १९७६ मध्ये लंडनच्या लॅडब्रोक ग्रोव्ह भागात रेकॉर्डांचं दुकान उघडलं, त्यातून वितरण आणि मग १९७८ मध्ये लेबल उभं राहिलं. खर्च वजा जाता नफा निम्मा-निम्मा, असा त्यांचा रिवाज. मोठ्या कंपन्यांच्या करारांपुढे ही फारच सरळ वागणूक होती.

इथवर सगळं जुळून आल्यासारखं दिसतं. पण माणसाचं शरीर तत्त्वांवर चालत नाही. जागरणं, पोटाची आबाळ, ओलसर घर, आणि वर ग्रीनला स्टेजची भयंकर भीती. १९८०च्या सुरुवातीला ब्रायटनमध्ये गँग ऑफ फोरच्या आधी वाजवून झाल्यावर तो कोसळला. आधी वाटलं हृदयविकाराचा झटका. तो निघाला पराकोटीच्या घबराटीचा झटका. आई-वडिलांशी संबंध जवळपास तुटलेले होते, पण आजारपणाचं कळल्यावर त्यांनीच दक्षिण वेल्समध्ये एका छोट्या घरात त्याची राहायची सोय केली. तिथं तो कित्येक महिने राहिला.

त्या महिन्यांत त्यानं ऐकलं आणि लिहिलं. ऐकलं ते अमेरिकेतलं काळ्या लोकांचं संगीत: अरेथा फ्रँकलिन, स्टॅक्स कंपनीचा सोल, शिक नावाच्या बँडचं डिस्को, मायकल जॅक्सनची नुकतीच आलेली ‘ऑफ द वॉल’. लिहिलं ते पानंच्या पानं, बँडमधल्या सोबत्यांना पटवून देण्यासाठी, की आपण आता पॉप करायला हवं. दुसरा कुणी असता तर फोन करून म्हणाला असता, मला कंटाळा आलाय. यानं प्रबंध लिहिला आणि मित्रांना वेल्सला बोलावून वाचायला दिला. मला हा माणूस आवडतो तो यासाठी.

त्याचा मुद्दा मी माझ्या शब्दांत असा मांडेन. आपली तुटकी, खरखरीत गाणी कोण ऐकतंय? ज्यांना आधीच पटलेलं आहे ते. ‘स्वतंत्र’ संगीताचीही आता एक रीत झालीय. तुटकं वाजवलं की प्रामाणिक, सुरेल वाजवलं की विकाऊ. म्हणजे आपल्याच अंगणात नवं ‘असंच असतं’ तयार झालं. उलट सुपरमार्केटमध्ये, टॅक्सीत, शाळेच्या डिस्कोत जी गाणी वाजतात तिथं लोकांचं प्रेम, इच्छा, लाज, अपेक्षा घडत असतात. वर्चस्वाचं खरं मैदान ते आहे. मग ग्राम्शी वाचलेल्यानं तिथं जायचं की कॅम्डेनच्या स्वयंपाकघरात बसून राहायचं?

म्हणून मी म्हणतो, ग्रीननं प्रश्न बदलला नाही, फक्त उत्तराची जागा बदलली. १९७८ मध्ये तो विचारत होता, रेकॉर्ड बनवायची ताकद कुणाच्या हातात आहे? १९८० मध्ये विचारू लागला, गाण्यातल्या शब्दाला अर्थ देण्याची ताकद कुणाच्या हातात आहे?

या दुसऱ्या प्रश्नापाशी फ्रेंच तत्त्वज्ञ जाक देरिदा येतो. त्याचं लिखाण कठीण आहे, पण इथं लागतो तेवढा मुद्दा सांगता येतो. शब्दाला अर्थ वस्तूकडून चिकटून मिळत नाही, दुसऱ्या शब्दांहून असलेल्या फरकातून मिळतो. ‘थंड’ कळायला ‘गरम’ लागतं, आणि ‘थंड पाणी’ नि ‘थंड माणूस’ यांत तोच शब्द दोन वाटांना जातो. त्यामुळे अर्थ कायमचा बांधून ठेवता येत नाही, तो सतत थोडा पुढे सरकत राहतो. मग प्रेमगीतातल्या ‘प्रिये’चं काय? हजारो गाण्यांत घासला गेलेला तो शब्द म्हणताना आपण नेमकं कुणाला हाक मारतो?

‘द “स्वीटेस्ट गर्ल”’ या बँडच्या नव्या वळणावरच्या गाण्याच्या शीर्षकातच अवतरणचिन्हं आहेत, ‘स्वीटेस्ट गर्ल’भोवती. ही दोन बारीक चिन्हं माझ्या मते त्या वेल्समधल्या सगळ्या पानांचं सार आहेत. गाणं प्रेमाचं आहे, खरोखरच विरघळवणारं आहे, आणि त्याच वेळी ते ‘सर्वांत गोड मुलगी’ हे शब्द चिमटीत धरून दाखवतं: पाहा, हे आपण किती सहज म्हणतो.

कान देऊन ऐका. संथ रेगेचा यंत्रासारखा ठेका, त्यावर कीबोर्ड. सुरुवातीला कीबोर्ड सभ्यपणे साथ करतो, मग हळूच एखादा सूर शेजारच्या घरात शिरतो, कॉर्डच्या बाहेर लोंबकळतो, परत येतो. गाणं पुढे जातं तसं हे निसटणं वाढतं. गोडव्याला आतून वाळवी लागल्यासारखं. हा कीबोर्ड रॉबर्ट वायटचा आहे. वायट म्हणजे सॉफ्ट मशीन या बँडचा एकेकाळचा ड्रमर. १९७३ मध्ये उंचावरून पडून त्याचे पाय गेले, तेव्हापासून चाकाच्या खुर्चीत. तोही त्या काळात रफ ट्रेडसाठीच गात होता आणि राजकारणानं कम्युनिस्ट. अर्थ निसटतो म्हणजे काय, हे देरिदाची चाळीस पानं वाचून मला जेवढं कळलं त्याहून जास्त वायटच्या त्या बोटांनी कळवलं.

१९८१च्या सुरुवातीला ‘एनएमई’ या संगीत साप्ताहिकानं रफ ट्रेडबरोबर एक कॅसेट काढली, अंकातली कूपनं पाठवून मागवायची. तिचं नाव ‘सी८१’, आणि तिच्यातलं पहिलंच गाणं हे. लोक चकित झाले. सिंगल, म्हणजे सुटी रेकॉर्ड, म्हणून बाजारात यायला मात्र शरद ऋतू उजाडला, आणि ती चौसष्टाव्या क्रमांकापर्यंतच गेली. एवढ्या उशिरानं गाण्याची हवा निघून गेली असं मला वाटतं. पुढे १९८५ मध्ये मॅडनेस या बँडनं ते गायलं.

या काळातली कव्हरं पाहायलाच हवीत. ‘स्वीटेस्ट गर्ल’चं कव्हर डनहिल सिगारेटच्या पाकिटासारखं. ‘फेथलेस’चं डिओरच्या अत्तराच्या खोक्यासारखं. ‘असायलम्स इन जेरुसलेम’चं कूर्व्हॉझिए ब्रँडीच्या लेबलासारखं. झेरॉक्सच्या कागदावरून थेट इथं. पण तीन वर्षांपूर्वीचा हिशोब आणि हे पाकीट एकमेकांशेजारी ठेवा. एकात वस्तू किती पेन्सना बनते ते सांगितलंय. दुसऱ्यात तीच वस्तू महाग कशी वाटायला लावतात ते दाखवलंय. मला हे एकाच धड्याचे दोन भाग वाटतात.

किंमतही मोजावी लागली. वीस जणांच्या बैठकींतून चालणारा बँड आता एका माणसाच्या कानावर चालू लागला होता. निआल बाहेर पडला, मग टॉमही. टॉमच्या जागी यंत्राचा ठेका येत गेला होताच. शाळेपासूनचा दोस्त असा सुटणं हे कुठल्याही प्रबंधात न बसणारं दुःख आहे, आणि ग्रीनची बाजू घेताना मी ते नजरेआड करू शकत नाही. ज्यांनी मिळून तो हिशोबाचा कागद घडी केला होता, त्यांच्यातलं शेवटी एकच नाव उरलं.

पहिली लाँग प्ले रेकॉर्ड ‘साँग्ज टू रिमेंबर’ १९८२ मध्ये आली आणि बाराव्या क्रमांकावर पोचली. रफ ट्रेडसारख्या लेबलसाठी ते मोठंच यश. तिच्यात चक्क ‘जाक देरिदा’ नावाचं एक उड्या मारणारं गाणं आहे. पण रेकॉर्ड पूर्ण झाली आणि बाजारात आली यांत बराच काळ गेला, आणि तोवर ग्रीनच्या डोक्यातला आवाज आणखी पुढे गेला होता. त्याला न्यूयॉर्कच्या डान्स-रेकॉर्डांतली सुईच्या टोकावर तोललेली अचूकता हवी होती, आणि ती निम्म्या-निम्म्याच्या भागीदारीतून परवडणारी नव्हती. तो मोठ्या कंपनीकडे गेला, व्हर्जिनकडे. न्यूयॉर्कमध्ये डेव्हिड गॅमसन हा कीबोर्डवाला आणि फ्रेड माहर हा ड्रमर त्याला मिळाले. स्क्रिटी पोलिटी आता हे तिघे.

१९८४चं ते गाणं म्हणजे ‘वुड बीज’. लिहिताना ‘लाकूड’, ऐकताना ‘होऊ पाहणारे’. अर्थ निसटण्याचा तोच खेळ आता नावातच. कंसात पुढे: अरेथा फ्रँकलिनसारखी प्रार्थना कर. वेल्सच्या घरात आजारी माणसानं जिच्या रेकॉर्डी ऐकल्या, तिच्याच निर्मात्याच्या समोर उभं राहून त्यानं ते गायलं. १९८५ची ‘क्यूपिड अँड सायकी ८५’ ब्रिटनमध्ये पाचव्या क्रमांकावर गेली, ‘परफेक्ट वे’ अमेरिकेत अकराव्या. त्यानंतर माइल्स, आणि तिथून माझ्यासारखे ऐकणारे.

आज मला विचारलंत की घरात आग लागली तर कुठली रेकॉर्ड उचलशील, तर मी झेरॉक्सचं कव्हरच उचलेन. ‘वुड बीज’ जास्त चांगलं बनलेलं आहे, तरीही. पण सुरुवात करणाऱ्याला मी ‘स्वीटेस्ट गर्ल’ ऐकायला सांगतो, कारण तिथं दोन्ही बाजू अजून एका खोलीत आहेत.

ब्रायटननंतर ग्रीन स्टेजवर उभा राहिला नाही. १९८५च्या यशातही नाही. पंचवीसेक वर्षं गेली. २००६च्या जानेवारीत लंडनच्या ब्रिक्स्टन भागातल्या विंडमिल नावाच्या छोट्याशा पबात एक अनोळखी बँड वाजवायला आला. समोर गाणारा तोच होता. बँडचं नाव लावलं होतं ‘डबल जी अँड द ट्रेटरस थ्री’. डबल जी म्हणजे ग्रीन गार्टसाइड, आणि सोबतचे तीन गद्दार.